महादूचा मोडका कान

कापसाची तेजी उतरू लागली ते साल, श्रावणातला शेवटचा शुक्रवार. जागा — अमरावतीतल्या माझ्या घराची ओसरी. रक्कम सव्वा रुपया. हजर तिघे: मी, भातकुलीचे सोनबा माळी आणि त्यांची पाच वर्षांची नात रखमी. हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतो आहे? — तेही नीट सांगता येणार नाही.

आधी माझ्या छंदाविषयी बोलतो. नाहीतर सव्वा रुपयाला काय दिलं-घेतलं ते कळायचं नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेला एकाएकी आमच्या वऱ्हाडची आठवण झाली. अमरावती काय, अकोला काय — कापसाच्या गाड्यांतून वाट काढावी लागे. लोकांच्या हाती पैसा आला, तशा हौशी आल्या. व्यापाऱ्यांनी नागपंचमीच्या कुस्त्यांना चांदीची कडी लावली. आमच्या पेठेत दशावतारी गंजिफांची, म्हणजे खेळायच्या पत्त्यांची, गोल पानं रंगवणारा एक चितारी होता. त्याने त्या साली अवतार सोडून पहिलवान रंगवले. तळहाताएवढं पान — चिंध्या चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून घोटलेलं, वरून लाखेची झिलई — आणि त्यावर चेहरा. नुसता नमुन्याचा नव्हे, त्या त्या माणसाचाच. आखाड्याच्या कडेला बसून त्याने चाळीस गडी टिपले.

लोकांना वेडच लागलं. पानं विकत घ्यायची, अदलाबदल करायची. जिंकलेल्या एका गड्यासाठी पडलेले तीन मोजावे लागत. मी अडत्याकडे हिशेब लिहीत होतो. काट्यावर छटाकभर कापूस कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि ही गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. माझ्याकडे चाळीसच्या चाळीस पानं होती. अख्ख्या अमरावतीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. हे लिहिताना अजून छाती थोडी पुढे येते — पाहा, काय माणूस आहे मी!

चाळिसावं पान भातकुलीच्या महादूचं. पहिल्याच कुस्तीत तो चीत झाला, म्हणून चिताऱ्याने त्याचं दुसरं पान काढलं नाही. कोण घेणार? मी घेतलं, आकडा पुरा करायला. डावा कान मोडून गोळा झालेला, भुवईत खाच, आणि हसू दाबल्यासारखं तोंड. त्याच हिवाळ्यात महादू पटकीने गेला. बायको बाळंतपणातच गेली होती. मागे उरली रांगणारी रखमी आणि महादूचा बाप सोनबा.

हे सोनबा चार वर्षांनी माझ्या ओसरीवर आले. नातीने हात धरून आणलं होतं. डोळे पार गेलेले.

"पंत, मायं काही नाई जी," ते म्हणाले. "मले तं दिसत नाई. पन पोट्टी इचारते, मावा बाप कसा होता. काय सांगू? तुमच्यापाशी महादूचं पान हाय म्हनतात."

तेजी ओसरली होती. पहिलवानांच्या पानांना बाजारात कुणी विचारत नव्हतं. चितारी हैदराबादेकडे निघून गेला होता. म्हणजे त्या पानाची किंमत शून्य — आणि जगात एकच. मी काय करायला हवं होतं? तुम्ही काय केलं असतं, हे विचारत नाही. ते मला माहीत आहे.

मी आत गेलो. पेटी उघडली. चाळीस पानं दहा-दहाच्या चार थप्प्यांत होती. महादूचं उचललं, तर शेवटची थप्पी नऊची झाली. ती नऊची थप्पी मला बघवेना. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. महादूचं पान मी परत ठेवलं आणि मूर्तिजापूरच्या भिकाचं काढलं — ते माझ्याकडे दुहेरी होतं.

ते सोनबांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला. लाखेवर बोटाला काय लागणार?

"डावा कान मोडेल हाय ना जी?"

"हो," मी म्हणालो. "मोडलेला आहे. भुवईत खाच आहे. आणि हसू दाबून बसलाय." सगळं खरं सांगितलं — आतल्या पानाचं. म्हातारा ऐकत राहिला, मान हलवत राहिला.

रखमी पानावर वाकली होती. "आबाजी, याचे दोनी कान तं चांगले हायेत."

"चूप व! तुले काय समजते? पंत लिवनारा मानूस हाय. तो खोटं सांगन काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. — इथे मी बोलू शकलो असतो. तोंड उघडायचं होतं, बस.

फुकट न्यायला सोनबा तयार नव्हते. कमरेची गाठ सोडून त्यांनी सव्वा रुपया ठेवला. वांग्यांचे पैसे असावेत. मी नको म्हणालो का? एकदा म्हणालो. दुसऱ्यांदा नाही. महिनाभराने त्याच पैशांत अकोल्याहून पेटती बनेटी गरगर फिरवणाऱ्या एका खेळाडूचं पान घेतलं.

छंद सुटला नाही. आज तीन पेट्या भरल्या आहेत. नवं पान आलं की जुनी पेटी उघडावी लागे, आणि चौथी थप्पी पालथी ठेवायची सवय मला कधी लागली ते कळलंही नाही.

मध्ये पुष्कळ वर्षं गेली. सोनबा गेले. रखमी हिवरखेडला नांदायला गेली. गेल्या साली वसुलीच्या कामाने तिथे गेलो, तर तिने ओळखून घरी नेलं. देवघरात भिकाचं पान. कुंकू लावून लावून कपाळ झिजलेलं. "हे या काकाजीनं देल्लं," तिने पोराला सांगितलं, मग मला म्हणाली, "पाहा, पोट्ट्याचं नाक आज्यावर गेलं ना?"

मी पाणी प्यायलो आणि गाडीत बसलो. हो — तेव्हाही पळालो.

तीन महिन्यांनी परत गेलो. महादूचं पान तिच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती उंबऱ्यात, उजेडाला बसली. बोट त्या कानावर टेकवलं, उचललंच नाही.

"म्या तवाच म्हनलं होतं," ती म्हणाली. मग देवघराकडे पाहून, "मंग हा कोन हाय?"

"मूर्तिजापूरचा भिका. गाड्या हाकतो."

"जित्ता हाय?" ती हसली, आणि हसता हसता थांबली. "बाप्पा! दर पित्रात याच्या नावानं घास टाकला म्या."

ते पान मी उचलायला गेलो, तर तिने हात आडवा घातला. "राहू द्या. इतकी वर्सं बाप म्हनलं त्याले." महादूला तिने त्याच्या शेजारी ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"आबाजीनं किती देल्ले होते?"

"सव्वा रुपया."

"द्या मंग."

मी दिला. रखमीने मोजून घेतला आणि पदराला बांधला. सोनबांना काहीच पोचलं नाही.