आमच्या रक्तातली दारू

शेठनं माझ्या गळ्यात रिकाम्या पोटल्यांची माळ घातली. देशी ज्या प्लास्टिकच्या पोटलीत मिळते, त्याच पोटल्या. सुतळीत ओवलेल्या. आंबूस वास मारत होत्या.

सुरतेत भेस्तानला त्याचं लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना. मी तिथं कारागीर. दसऱ्याची पूजा झाली आणि मग व्यसनमुक्तीचा कार्यक्रम. पाहुणे खुर्च्यांवर, आम्ही जमिनीवर. खात्यात पिणारे सगळ्या मुलखांतले होते. पुढं बोलावलं मला एकट्याला. माझ्या बायकोला, विमलला, वस्तीतून मुद्दाम आणवलं होतं. शेठनं माइक तिच्या तोंडाशी धरला.

"बोल बेन, तने मारे छे?"

मी मारतो का, ते विचारत होता. विमलनं पदर तोंडाला लावला. पाहुणे हसले.

"शुं बोले बिचारी? आ लोकोना लोहीमां ज दारू छे."

आ लोको. म्हणजे आम्ही. धुळ्याकडून आलेले जयभीमवाले. आमच्या लोहीत, रक्तातच दारू. गुजरातेत दारूबंदी, पण शेठकडं परमिट होतं. तब्येतीसाठी. त्याच्या गाडीतली खोकी मीच उतरवून ऑफिसात ठेवायचो. त्याची दारू औषध. माझी गुन्हा.

माझ्या हातावर पाणी सोडलं, शपथ घ्यायला लावली. फोटो काढला. संध्याकाळी मी पुन्हा प्यालो.

घरी विमल एवढंच म्हणाली, "तुम्ही पेतस, अनी लोक माले उभं करतस."

ते मला लागलं. तरी सुटेना. लूमवर तुटलेला धागा जोडताना बोटं थरथरायची.

आमच्या गल्लीत गुलाबभाऊ रिक्षावाला राहायचा. शिरपूरकडचा. एके काळी रिक्षातच पडलेला असायचा, आता पीत नव्हता. तो म्हणाला, रविवारी सकाळी एका शाळेत मिटिंग असते. पिणाऱ्यांचीच, दारू सोडण्यासाठी.

"शेठ कोण तिथला?" मी विचारलं.

"कोणीच नही."

इथंच मला शंका आली. शेठ नसलेली जागा सुरतेत मी पाहिली नव्हती. मग चहा कोण पाजतं? पोलिसांना नावं कळवत असतील. नाहीतर धर्म बदलायला लावतील. आणि गुलाबला मला नेण्यात काय मिळतं?

"एकदाव यीसन दख," तो म्हणाला. "नही पटनं ते नको येजो."

गेलो. दाराजवळच्या बाकावर बसलो, पळता येईल असा. चपला काढल्या नाहीत. आधी भिंती पाहिल्या. कुठं बॅनर आहे का, कुणाकडं कॅमेरा आहे का. नव्हता. चहा आला. सगळ्यांना सारखेच पेले. माझा उष्टा पेला कुठं जातो ते मी डोळे लावून बघत होतो. सगळ्यांच्या पेल्यांत गेला. तरी वाटलं, मला अजून ओळखलं नसेल.

आडनाव कुणी विचारलं नाही. त्यानं तर माझा संशय वाढलाच. आडनाव न विचारणारे चेहऱ्यावरून ओळखतात.

मिटिंग चालवायची एक म्हातारी नर्स. तीही पूर्वी पिणारी. एकेक जण बोलायला लागला. मार्केटमधला एक साडीवाला व्यापारी उठला. पांढरा सफारी, बोटात अंगठ्या. नशेत त्यानं पोरीला जिन्यावरून ढकललं होतं. तिचा हात मोडला. सांगताना त्याची बोटं थरथरत होती. अगदी माझ्यासारखी. मी ऐकत होतो. मनात म्हटलं, हा खरं बोलतोय.

आणि मग तो म्हणाला, "हमारे घराने में किसी ने छुई नहीं थी. मैं इन लोगों की संगत में बिगड़ा."

इन लोगों. आणि नजर माझ्यावर.

कानशिलं तापली. शेठपुढं प्यालेला होतो, मान खाली घातली होती. आता पोटात दारू नव्हती. मी उठलो.

"मेरे बाप ने दीक्षा ली, उस दिन से एक बूंद नहीं पी. मरने तक. दारू मेरे खून में नहीं है. मेरी जात में नहीं है. मैं पीता हूँ. मैं अकेला."



"मैंने तुमको थोड़े ही बोला," व्यापारी म्हणाला.

"मेरी तरफ देख के बोला."

त्यानं तोंड फिरवलं. नर्स म्हणाली, "यहाँ हर कोई अपनी बात करेगा, दूसरे की नहीं."

"किसको बोल रही हैं आप?"

"दोनों को."

दोघांना? त्यानं आमच्या अख्ख्या जातीला नाव ठेवलं, मी फक्त उत्तर दिलं. आणि समज दोघांना. मी तेही ध्यानात ठेवलं. खाली मात्र बसलो नाही. माझं बोलणं पुरं केलं. कुठं पितो, का पितो, विमलला माझ्यापायी काय सोसावं लागलं. सगळं. उभ्यानं.

बाहेर गुलाबभाऊनं रिक्षा काढली. "आते येशी का नही?"

येईन म्हणालो. त्या लोकांवर विश्वास बसला म्हणून नाही. तो अजून बसलेला नाही. मी गेलो नाही तर तो व्यापारी पुढच्या रविवारीही आमच्या नावानं तेच सांगेल आणि खोडायला कुणी नसेल.

प्यालेल्याचं उत्तर कुणी ऐकत नाही. लोक हसतात, माइक बायकोपुढं धरतात. मला उत्तर द्यायचंय. त्या शाळेत, खात्यात, शेठच्या तोंडावर. म्हणून मी दारू सोडणार. मला सुधारल्याचं श्रेय कुणाला घेऊ देणार नाही. आणि 'हे लोक' म्हणणारा समोर आला की पुरत्या शुद्धीत त्याला तिथंच अडवणार.