शेवरोलेटमधले साहेब

जहागिरी गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात भय्यासाहेबांनी मोटार विकायला काढली. अमेरिकन शेवरोलेट, दोनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरत शिरावं लागे. सुधाकर त्यांचा ड्रायव्हर. स्वतःच्या लग्नाआधीपासून तो ही गाडी चालवत होता. त्यानं उन्हाळाभर खपून इंजिन खोललं, जोडलं, गाद्या नव्या शिवून घेतल्या, इंदूरहून रंगारी आणून हिरवा रंग दिला. गाडी अशी निघाली, जणू कालच बोटीतून उतरली.

गिऱ्हाईकही मिळालं. इंदूरचे एक कापडवाले शेठजी. पण ते यायच्या दिवशी भय्यासाहेब खोलीबाहेर येईनात. त्यांनी सुधाकरला आत बोलावून आपला पांढरा कोट पुढे केला.

"हा घाल. मी मालकांचा भाचा आहे म्हणून सांग. मालक ग्वाल्हेरला गेलेत म्हण."

"मी, साहेब?"

"मला नाही रे जमणार. आपलीच वस्तू लोकांना दाखवत बसायचं..." ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

कोटाच्या बाह्या जरा लांब होत्या. शेठजींनी उतरताच हात जोडले, "नमस्ते साहब!" सुधाकर आधी अवघडला. पण शेठजींना शेजारी बसवून देवास रोडला लागेपर्यंत त्याला ते गोड वाटायला लागलं. मामासाहेबांच्या शिकारीच्या दोन गोष्टीही त्यानं पदरच्या जोडून दिल्या.

परतताना फ्रीगंजच्या घंटाघरापाशी त्याची बायको दिसली. विनोदिनी. अनवाणी, हातात भाजीची पिशवी, शेजारी त्यांच्याच आवारात राहणाऱ्या शोभावहिनी. गाडीच्या नव्या रंगाचं ती रोज ऐकत होती, पाहत होती आज. तिचा चेहरा फुलला. हात वर करून ती दोन पावलं रस्त्यात आली. "अहो!"

सुधाकरनं जोरात हॉर्न दाबला. ती दचकून मागे सरली. वांगी रस्त्यावर घरंगळली.

"कौन है? आप ही को बुला रही थी शायद," शेठजी म्हणाले.

"होगी कोई."

गाडी पसंत पडली. दुपारी शेठजींचा माणूस ती घेऊनही गेला. भय्यासाहेब तेव्हाही बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी विनोदिनी पोळ्या लाटत होती. मान वर न करताच म्हणाली, "ऊन डोळ्यांवर आलं असेल ना? दिसलो नसू आम्ही."

"हो," सुधाकर म्हणाला. ऊन त्याच्या पाठीवर होतं. तेवढं तिलाही कळत होतं.

त्यानंतर ती शोभावहिनींबरोबर बाजारात जाईनाशी झाली. एका सकाळी नळावरचं हसणं त्याच्या कानावर आलं. शोभावहिनी सांगत होत्या, "'हे आमचे' म्हणून पुढे धावली बिचारी, अन् भावजींनी भोंगाच वाजवला!" विनोदिनी तिथंच हंडा भरत होती. "त्यांनी पाहिलं नाही," एवढंच ती म्हणाली.

सुधाकरला घरात उभं राहवेना. तो नळापाशी गेला.

"वहिनी, मी पाहिलं होतं. हिनं मलाच हात केला. शेठजींनी विचारलं कोण, तर मी म्हटलं, असेल कुणीतरी. अंगात साहेबांचा कोट होता, दुसरं काही कारण नाही."

कुणी हसलं नाही. विनोदिनीनं भरलेला हंडा उचलला आणि ती घरात गेली. तो मागोमाग आला.

"तुम्ही असं म्हणालात, ते मला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली. "आणि आता अख्ख्या आवाराला माहीत झालं."

त्याला वाटलं होतं, खरं बोललं की तिची बाजू राहील.

पुढे सुधाकर आगरला जाणाऱ्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. दमून घरी आला की ताट वाढलेलं असे, पाणी तापलेलं असे. ती कधी टाकून बोलली नाही, विषयही काढला नाही. तेच त्याला जड जाई. जेवताना तो मान वर करत नसे.