खिळ्यावरची अंगठी

ऑपरेशनला नेण्याआधी सिस्टरने अंगावरचे दागिने काढून द्यायला सांगितले, तेव्हा काकूने आधी माझ्याकडे पाहिले. तिच्या अंगावर काढण्यासारखी एकच वस्तू होती, डाव्या हातातली अंगठी. आजारपणात बोटे इतकी वाळली होती की ती गळून पडू नये म्हणून काकूने तिला दोरा गुंडाळला होता. तरी हात खाली करताच ती माझ्या तळहातावर उतरली. "आल्यावर लगेच देजो, नंदे," काकू म्हणाली. मी हो म्हटले... सावंगीच्या त्या वॉर्डातले हे आमचे शेवटचे बोलणे. ती शुद्धीवर आलीच नाही, काही दिवसांनी तशीच गेली. त्याला आता दीड महिना होत आला.

शालूकाकू म्हणजे माझ्या वडिलांच्या मधल्या भावाची बायको. अल्लीपूरला आमचे एकत्र घर आणि घराला लागूनच किराण्याचे दुकान. तिचे साक्षगंध झाले तेव्हा मी शाळेत होते. आजीच्या काळी साक्षगंध म्हणजे कुंकू, साडी आणि ओटी. मुलामुलीने एकमेकांना अंगठी घालायची पद्धत आमच्या घरात काका-काकूंपासूनच सुरू झाली. सोनाराकडून पानाच्या नक्षीची जोडी करून आणली होती, एक मोठी, एक लहान. काका इतके घाबरले होते की त्यांनी अंगठी मधल्याच बोटात घातली. ती पेरावर अडकली आणि ते तिला जोराने पुढे ढकलू लागले. "हळू जी, बोट मोडता का पोरीचं?" काकूची मावशी म्हणाली आणि सगळा मांडव हसला. काकू मान खाली घालून हसत होती. तिनेच अलगद शेजारचे बोट पुढे केले.

चारच वर्षांत कावीळ होऊन काका गेले. हिंगणघाटच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणले, तेव्हा त्यांची अंगठी माझ्या वडिलांच्या खिशात होती. मी त्या वर्षी अकरावीत होते. अंगणात काकूला धरून बसायचे काम माझ्याकडे आले. गावातल्या दोन म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. त्यांनी कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढले, पायांतली जोडवी काढली. त्यांचे हात सरावाने चालत होते आणि काकू लाकडासारखी बसून होती. मग त्यांतल्या मोठीने तिचा डावा हात उचलला आणि ती थांबली. काकूने मूठ आवळली होती. "हे आमच्या वेळी नव्हतं," ती म्हातारी म्हणाली, "याचं काय करतात, मले नाई माहीत." तिने आजीकडे पाहिले. आजी पोराच्या उशाशी बसून रडत होती. बाहेर तिरडी तयार झाली होती, माणसे घाई करत होती... अंगठी तशीच राहिली.

मी पुढे पुष्कळदा या गोष्टीचा विचार केला आहे. अंगठी या चालीत उशिरा आली, म्हणून ती काढून घेण्याचा रिवाज अजून तयार झाला नव्हता. तेवढ्याच फटीतून काकूकडे ती एक खूण राहिली. काकांची अंगठी मात्र वर्षभरात आजीने धाकट्या काकांच्या बोटात घातली. त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. पुरुषाची अंगठी म्हणजे नुसते सोने, ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

धाकट्या काकांचे लग्न ठरले तेव्हा आजीने काकूजवळ गोष्ट काढली. जोडीची अंगठी आहे, नव्या सुनेला जोडच जाऊ दे, आणि तशीही तुझ्या बोटात ती आता शोभत नाही, असे ती म्हणाली. काकू चुलीजवळ कणीक मळत होती. कणीक मळताना अंगठी काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवायची तिची सवय होती. तिने हात धुतले, अंगठी घातली आणि मग आजीकडे वळली.

"जोडवे नेले, डोरलं नेलं, मी काई म्हटलं नाई. हे त्याईनं घातलं होतं, मांडवात, चारचौघांत. काढाचं असन तर त्याईनंच काढावं."

आजी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलली नाही. बाहेरही कमी नव्हते. दुकानात बसू लागल्यावर एखादी गिऱ्हाईक बाई हाताकडे बघून विचारायची, "काऊन वो, दुसरं जमलं का तुमचं?" काकू साखर तोलत राहायची. त्याच दुकानात बसून तिने मला शिकवायचा हट्ट धरला. वडिलांना बारावीनंतर माझे लग्न करायचे होते. काकूने त्यांच्यापुढे उभे राहून सांगितले की पोरगी वर्ध्याला कॉलेजात जाईल, सकाळच्या बसचा डबा मी करीन. तिने तो केला, माझे बी.एड. होईपर्यंत. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आज मी शाळेत शिकवते, ते तिच्यामुळे.

माझ्या साक्षगंधाला अंगठीचे माप काकूनेच घेतले, बोटाला दोरा गुंडाळून. "थोडी सैल घेजो. पुढं बोटं बदलतात," ती म्हणाली. अंगठ्यांचे ताट तिने आणावे, असा माझा आग्रह होता. ती तयार झाली नाही. "तुह्या सासरच्याईले खपणार नाई. मले इथून दिसते," असे म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माझ्या बोटात अंगठी गेली तेव्हा मी तिकडे पाहिले. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचा डावा हात पदराखाली होता.

सावंगीहून तिला अल्लीपूरला आणले. मी शब्द दिला होता, म्हणून सगळ्यांच्या देखत तिच्या बोटात घालायला अंगठी पिशवीतून बाहेर काढली. कुणी अडवले नाही. आजी आता नाही, त्या म्हाताऱ्याही नाहीत. पण दवाखान्यातल्या दिवसांत काकूचे हात सुजून गेले होते. मी अंगठीचा दोरा सोडवला, बोटाला तेल लावले. अंगठी पेरापर्यंत गेली आणि अडकली. मी पुन्हा ढकलली. "राहू दे बाई, नाई जात ते," मागून कुणीतरी म्हणाले. ते थंड बोट मी तसेच धरून ठेवले. शेवटी ती मीच काढून घेतली. काढायची असेल तर त्यांनीच काढावी, असे म्हणणाऱ्या बाईच्या हातातून ती दोनदा काढली, ती मी.

तेरवीच्या दिवशी स्वयंपाकाला बसले. ओट्यावर आता गॅस आहे, पण भिंतीतला तो खिळा तिथेच आहे. काकूची अंगठी मी त्याला अडकवली. मग माझी काढून तिच्याशेजारी अडकवली आणि कणीक मळली. मळून झाल्यावर हात धुतले, माझी अंगठी खिळ्यावरून काढून बोटात घातली. काकूची तशीच राहिली...