डोंगरावरची वेचणी

माझ्या मोठ्या जावेला सगळा गाव मोठीबाई म्हणायचा. तिचे हात कधी रिकामे राहायचे नाहीत आणि त्यापायी मला चारचौघांत मान खाली घालावी लागायची. पंगतीला बसली की शेजारणीच्या खांद्यावरचा धागा काढायची. एकदा नेरच्या बसमध्ये पुढच्या अनोळखी माणसाच्या सदऱ्यावर कापूस चिकटलेला दिसला, तर तोही हिनं उचलला. तो माणूस दचकून उभाच राहिला. मी म्हटलं, "बाई, हात आवरा जरा." तर म्हणाली, "हात थांबला का मन पयते, लहाने. मंग त्याले कोन धरून आनन?"

कापसाची ती वर्षं वाईटच होती. एका साली बोंडअळी अशी पडली की घाटंजीजवळच्या आमच्या वावरात पांढरं बोंड शोधून सापडेना. निघाली ती सगळी कवडी, पिवळी आणि किडकी. त्यातच मोठीबाईची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. आमच्या घरची रीत अशी, की लेकीच्या पहिल्या बाळाची उशी आजीनं घरच्या कापसाची करायची. विकतच्या कापसावर बाळाचं डोकं टेकवायचं नाही. मोठीबाई रोज ती कवडी चिवडत बसायची. मी म्हटलं, जुन्या लुगड्याची करा, बाळाला काय कळतं? ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

शेवटी तिच्या जावयालाच दया आली. त्याची स्वतःची जीप होती. "मामी, चला, मेळघाटात फिरून येऊ. थंड हवा खाऊ, वाघ पाहू." मोठीबाई, मी आणि दोघी शेजारणी निघालो. जीपमध्ये बसताच मोठीबाईनं बजावलं, "डोंगर लागला का कापसाचं नाव कोनी काढाचं नाही. जो काढन त्यानं उतरून पायी चालाचं." मला ते पटलं. जन्मात पहिल्यांदा नुसती फिरायला निघाले होते मी.

वाघ दिसला नाही. दिसेल कसा? गाईड तोंडावर बोट ठेवायचा आणि ही विचारायची, "काहून गा, तुमच्या वाघाले पोरंबाळं किती?" एक सांबर उभं होतं, तेही पळालं. जावई हात जोडून म्हणाला, "मामी, हळू बोला न."

"हळूच त बोलून राह्यली!" मोठीबाई ओरडली.

वर एका टोकाला जीपमधून उतरायची परवानगी होती. समोर दरी, मागे सावरीचं मोठं झाड. मी बाकावर बसले, गार वारा अंगावर घेतला आणि म्हटलं, आता कोणी मला हाक मारू नये. पण मागून काहीच आवाज येईना, म्हणून वळून पाहिलं. उन्हाळ्यात सावरीची बोंडं उकलतात आणि आतला कापूस गळतो. झाडाखालची जमीन पांढरी झाली होती, आणि मोठीबाई पदराची ओटी बांधून वेचत होती. दोघी शेजारणींनीही तिच्या बाजूनं वेचणीची ओळ धरली होती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हातच गेले.

"बाई, हे काय?"

"उशी."

"हा घरचा कापूस हाये का?"

"विकतचा त नाही न! उभी काय राह्यली? ओटी बांध."

जंगलखात्याचा गार्ड आला तेव्हा चार बाया ओळीनं वेचत होत्या. चौथी मी.

"ओ बाई! इथलं पानबी न्याची बंदी हाये. टाका सगळं खाली."

जावई लाजून जीपमागे गेला. मोठीबाई म्हणाली, "हे त वाऱ्यानं उडूनच चाल्लं, दादा. वाऱ्याले अडवसान का?"

"वाऱ्यानं ओटी नाही बांधली, मावशी."

तिनं ओटी सोडली. वाऱ्यानं सगळं दरीत नेलं.

घाट उतरताना मोठीबाई हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. काही करत नव्हती. तसे हात मी तिचे कधी पाहिले नव्हते. मला भीती वाटली. मग दिसलं, आमच्या सगळ्यांच्या लुगड्यांना सावर चिकटली होती. मी तिच्याकडे पाठ केली. "बाई, पाठीवर पाहा बरं. मले खाजून राह्यलं."

तिनं एक तंतू उचलला. मग दुसरा. परतवाडा येईपर्यंत तिनं तिघींची लुगडी साफ केली आणि वर म्हणाली, "जवाईबापू, जीप थांबवा, तुमच्या कॉलरले हाये."

तेवढ्या सावरीची उशी भाकरीएवढी झाली, आणि जाडीलाही तेवढीच. नातवाचं डोकं मागून चपटं राहिलं ते राहिलंच. मी सांगितलं होतं. पण मोठीबाई येईल त्याला ती उशी दाखवायची, "विकतची नाही, बरं का!"

मोठीबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा एका लग्नात माझ्या खांद्यावर सकाळपासून धागा लोंबत होता. पंगतीत दोन्ही बाजूंना शिकलेल्या, नीटनेटक्या बाया बसल्या होत्या. तो धागा घेऊनच मी घरी आले.