भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी

शालिकभाऊंवर अन्याय झाला तो २००३ च्या पोळ्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमारास. त्या वेळी त्यांच्या रक्ताच्या काचपट्टीपुढे रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ असं लिहिलं गेलं. ज्या सूक्ष्मदर्शकावर त्यांनी चौदा वर्षं जंगलपट्टीतल्या माणसांचा हिवताप शोधला, त्याच सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहिलं गेलं. शुक्रवारी सकाळी गोंदियाला नेताना, आमगावच्या अलीकडे, जीपमध्येच ते गेले. मी तेव्हा कोहमाऱ्याच्या चौकात पत्रकं वाटत होतो. धाब्यावरून घरी फोन लावला तेव्हा कळलं. हातातली पत्रकं आरोग्याच्या मागण्यांचीच होती...

शालिकभाऊ ज्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा सांभाळायचे त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तेवढं एक केंद्र तपासतील आणि बाकीची सुटतील. आमची ओळखही भांडणातूनच झाली. ‘तपासणीच्या नावाने बोंब’ असं छापून मी त्यांच्याच दारात पत्रक चिकटवायला गेलो होतो. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “या, नेताजी. लिवलं झ्याक. पन डोरा लावून पायलं का कधी?” नव्हतं पाहिलं. त्यांनी मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. विजेचा भरवसा नसल्यानं टेबल कायम उत्तरेच्या खिडकीला लावलेलं, आणि खालचा आरसा मोकळ्या आभाळाकडे वळवलेला. “सूर्याकडं आरसा करशील तर डोरा जाईन,” एवढं बजावून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आधी लहान भिंग लावायचं, मग काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकायचा. मोठं भिंग त्या थेंबाला टेकेपर्यंत खाली आणायचं, पण तेव्हा नजर बाजूनं ठेवायची. वरून डोळा लावायचा तो नंतर, आणि बारीक स्क्रू फिरवायचा तो वरच्या दिशेनं. मी डोळा लावूनच स्क्रू खाली फिरवला आणि काचपट्टी कडकन फुटली. “मोर्चा रस्त्यावर काढ, बाबू. इथं हरू हरू,” ते म्हणाले आणि दुसरी काचपट्टी ठेवली.

पुढे मी वरचेवर जायला लागलो. दृश्यात डाग दिसला तर तो कुठला हे कसं ओळखायचं, तेही त्यांनीच शिकवलं. डोळ्याजवळचं भिंग फिरवायचं. डाग सोबत फिरला तर घाण तिथे. काचपट्टी सरकवायची, डाग सरकला तर घाण काचपट्टीवर. दोन्हीनं हलला नाही तर दोष बहुधा खालच्या भिंगात. आणि एका गोष्टीवर ते अडून बसायचे. भिंग धुरकट असेल, उजेड कमी असेल, तर ते रजिस्टरमध्ये ‘निगेटिव्ह’ लिहीत नसत. ‘पाहता आले नाही’ असं लिहीत आणि रोग्याला पुन्हा बोलावत. वरून तंबी आली तरी बदललं नाही. “मले दिसलं नाई, आन् जंतू नाई, हे दोन येगरे हायेत. दुसरं लिवलं तर मानूस मरते,” असं ते म्हणायचे.

आमच्याकडचा पावसाळा भिंगांना खातो. आतल्या बाजूनं बुरशी धरते. शालिकभाऊंचा उपाय घरचा होता. तव्यावर तांदूळ खरपूस भाजायचे, वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवायची. तांदूळ ओल शोषतात. दर सोमवारी एक दाणा दाताखाली धरून पाहायचे. कडक वाजला नाही की नवे तांदूळ. मी हसायचो.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांना कागदांच्या कामासाठी तालुक्याला बसवलं आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. ते माझ्याकडे आले. म्हणाले, “तुह्या पत्रकात एक वळ टाक. खोली उघडा, पेटीतले तांदूर बदलवा.” मी ती ओळ लिहिली आणि छापायला देताना काढली. डॉक्टरांची रिकामी पदं, गळकं छप्पर, बंद जीप अशा मागण्यांच्या खाली ‘तांदूळ बदला’ वाचून लोक हसतील असं मला वाटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. इथे सांगतो आहे.

पोळ्यानंतर त्यांना ताप भरला. खोली दोनच दिवसांपूर्वी उघडली होती. एका बदली माणसानं रक्त घेतलं, पाहिलं, लिहिलं. ताप आला की सगळ्यांनाच देतात त्या रिवाजाच्या चार गोळ्या मिळाल्या. मेंदूत जाणाऱ्या हिवतापाचं पुढचं औषध अहवालावर ठरतं, आणि अहवाल निगेटिव्ह होता. बुधवारी ते बरळायला लागले. तेराव्यानंतर वहिनी मला म्हणाल्या, “दोन दिवस तांदूर, तांदूर करत होते, भाऊ. मी पेज करून देल्ली. तोंडातबी घेतली नाई. काऊन मागत होते मंग?” मला उत्तर माहीत होतं...

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत गेलो. बदली माणूस समोरच होता. मी डोळा लावला. सगळं दुधाळ. वरचं भिंग फिरवलं, धूसरपणा फिरला नाही. काचपट्टी सरकवली, तो सरकला नाही. तेलात टेकणारं मोठं भिंग काढून उजेडात धरलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले. पेटीतल्या पुरचुंडीचा हिरवट गोळा झाला होता. “मले काईच दिसलं नाई, म्हून निगेटिव लिवलं,” तो माणूस म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मंगळवारची काचपट्टी अजून लाकडी खोक्यात होती. ती मी गोंदियाला नेऊन चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक नजरेत अंगठीसारखे जंतू होते, मोजायची गरज पडू नये इतके.

आता दर सोमवारी वहिनी तांदूळ भाजतात, मी पुरचुंडी नेऊन पेटीत ठेवतो. आधी एक दाणा दाताखाली धरतो. भिंग अजून तेच आहे, जाळं लागलेलं. पुरचुंडीनं ते साफ होणार नाही, हे मलाही कळतं.

तुमच्या गावालाही आरोग्य केंद्र आहे. येत्या सोमवारी तिथे जा. प्रयोगशाळेची खोली उघडायला लावा. सूक्ष्मदर्शकाला स्वतः डोळा लावा, वरचं भिंग फिरवून पाहा, काचपट्टी सरकवून पाहा. धूसर दिसलं तर रजिस्टर मागा आणि ‘पाहता आले नाही’ असं तुमच्यासमोर लिहायला लावा. तसं लिहून होईपर्यंत तिथून उठू नका.