आमचं घर काढणारी आंटी

“पहिले घर दाखव, मग काढते,” असं म्हणत आंटी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसायची आणि चपला शोधायला लागायची. उल्हासनगरात लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी गोष्टी लिहायचे, ती चित्रं काढायची. सिंधी बाई. मराठी कमी, हिंदी जास्त, आणि आवाज असा, की खालच्या कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वर करून बघायचं.

मी आमच्या घराची गोष्ट लिहिली तेव्हा मलाही तिने हेच ऐकवलं. दाखवण्यासारखं होतं काय? वडील आनंदनगरच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे. काम थांबलं की पगार थांबायचा. आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. बदलापुरात मांजर्लीच्या आमच्या खोलीत नदीचं पाणी शिरलं की आधी माझी पुस्तकं माळ्यावर जायची, मग पीठ. आणि त्या पुस्तकांतलं घर कसं? अंगण, तुळशीवृंदावन, आरामखुर्चीत बाबा. आमच्या भिंतीवर बुद्ध आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. तसं घर मला कुठल्याच पानावर दिसलं नाही. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. एका तरी पुस्तकात आमचं घर जसं आहे तसं आणायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

आंटीचा त्या आठवड्यात गुडघा धरला होता, म्हणून पहिलं चित्र तिने घर न बघताच, मला विचारून विचारून काढलं. खोली बरोबर. आई बरोबर. दोन्ही तसबिरी जागच्या जागी. फक्त गोष्टीत आलेल्या पाहुणीसमोर, पाण्याच्या ग्लासाशेजारी, भाजलेला पापड.

“आंटी, आमच्यात पाहुण्याला पाण्याबरोबर पापड नाही देत.”

“मग काय देतात?”

“पाणी. नंतर चहा.”

“नुसता पानी?” तिने माझ्याकडे फार दयेने बघितलं. “बेचारे पाहुणे.”

तुम्ही सिंधी घरी गेला असाल तर तिचं दुःख तुम्हाला कळेल. तिथे उंबरा ओलांडला की पापड येतोच, कोणी विचारत बसत नाही.

शेवटी गुडघ्याला पट्टा बांधून ती मांजर्लीला आली. आईने नवी साडी नेसलेली, पुराच्या पाण्याची भिंतीवरची ओल नव्या चादरीने झाकलेली. आंटी बसली. आई आत गेली आणि पाणी घेऊन आली. बरोबर ताटलीत पापड.

मी आईकडे डोळे मोठे करून बघत राहिले.

“अगं, सिंधी पाहुण्या येणार म्हणून मुद्दाम आणले,” आई म्हणाली. “घ्या ना ताई.”

“बघ!” आंटीने मला कोपराने ढोसलं. “देतात की!”

मग तिने चादर उचलली. “हे कशाला झाकलं?”

“लोक काय म्हणतील, ताई? पुस्तकात यायचंय.”

“पानी माझ्या घरात पण येते. लिहिलेलं खरं आहे तर चित्र पण खरं पाहिजे ना?”

आईने स्वतःच चादर काढून घडी केली. आंटीने कागदावर ती ओल काढली, गुंडाळलेली अंथरुणं काढली, पाण्याचा ड्रम काढला, पापडही काढला, आणि मधेमधे ताटली रिकामी केली.

चित्र घेऊन आम्ही सेठकडे गेलो. ऑफिस त्याचं, छपाईचा खर्च त्याचा.

“घर अच्छा है,” सेठ म्हणाला. “पर ये नीला कोटवाला फोटो निकालो. इथे फुलाचा फोटो लावा. सब स्कूल में चलेगा. कॉमन घर पाहिजे.”

मी म्हटलं, “सेठ, मग ते आमचं घर राहत नाही. मग माझी गोष्ट परत द्या.”

“अरे, स्टोरी तो वही रहेगी ना!”

आंटीने त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे लाल बल्बखाली त्यांच्या देवाचा, झुलेलालचा फोटो होता.

“साईं, झुलेलाल निकालो. तिथे फूल लावा. सब गिऱ्हाईक येईल. कॉमन ऑफिस.”

सेठने बराच वेळ चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली असणार.

“ठीक है,” तो शेवटी म्हणाला. “पापड तरी काढून टाका. यांच्यात देत नाहीत म्हणे.”

“देतात. मी खाल्ला,” आंटी म्हणाली.

तो पापड मीच राहू दिला. आमच्या घरी त्या दिवशी तो खरोखर होता, त्याला मी तरी काय करणार?

गेल्या वर्षी आंटी गेली. पुढचं पुस्तक खरवईच्या एका शेतकरी घराचं होतं. तिथे ती दोनदा जाऊन जेवून आली होती. चूल आणि चुलीपुढची म्हातारी काढून झाली होती, बाकी कागद कोरा आहे. तिच्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही.

आमचं घर मात्र छापून आलं, दोन्ही तसबिरींसकट, ओलीसकट. बदलापूरच्या शाळांत मुलं ते वाचतात. मुखपृष्ठावर तिचं नाव आहे आणि माझं आहे. आमच्या घराण्यातलं पुस्तकावर छापलेलं ते पहिलं नाव.