पाहुणीचा परिचय

जर्मनीत, आमच्या र्युसेल्सहाइम गावच्या ग्रंथालयात एक अमेरिकन लेखिका वाचनाला आली. स्वागताची दोन वाक्यं इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी कारखान्यातला गिअरबॉक्सवाला. पण वाचकगटात तिची सगळी पुस्तकं वाचलेला मीच एकटा.

दोन वाक्यं? मराठी मंडळात पाहुण्यांचा परिचय जन्मगावापासून करायची माझी सवय. मी सुरू केलं: वडिलांचा पेट्रोलपंप, बाईंची लॉन्ड्रीतली नोकरी, तिथेच इस्त्रीच्या टेबलावर लिहिलेल्या कथा, साभार परत आलेली हस्तलिखितं, चाळिशीनंतरचं पहिलं पुस्तक. ग्रंथपालबाई "आल्झो...", म्हणजे "तर मग...", म्हणत घड्याळ बघत होत्या. मी कसला थांबतोय! पण त्या पुस्तकात आईला जसंच्या तसं उतरवलं म्हणून आईने वर्षानुवर्षं बोलणं टाकलं, इथे आलो आणि मीच थांबलो.

समोरच बायको शाल-नारळ घेऊन बसली होती. शनिवारी जर्मनच्या क्लासला म्हणून मी निघायचो, तो याच ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर कथा लिहायला. तिच्यावर. त्यातली एक तर दिवाळी अंकात येणार होती.

"माझ्या अंत्यविधीलाही यांनाच बोलवा," लेखिका हसून म्हणाली. "पण तुम्ही काय लिहिता?"

"काही नाही" हे उत्तर तोंडपाठ होतं. तरी म्हणालो, "कथा. बायकोवर. तिला माहीत नाही."

सगळे हसले. बायको सोडून. तिने लेखिकेला शाल पांघरली, हातात नारळ दिला. बाईंनी तो कानाशी हलवून पाहिला.

घरी चालत निघालो. माइन नदीच्या पुलावर ती म्हणाली, "कुठली कथा छापताहेत?"

"पहिल्या हिवाळ्यातली. तळघरात वॉशिंग मशीनपाशी तू रडत होतीस, ती."

"आणि का रडले म्हणे मी?"

"आईच्या आठवणीने."

"काहीतरीच! रविवारी, इथल्या शांततेच्या दिवशी, मशीन लावलं म्हणून शेजारच्या आजी ओरडल्या होत्या. उलट बोलण्याइतकं जर्मन येत नव्हतं मला. संतापाने रडले, अहो!"

"बदलू?"

"बदला. आणि उत्तरही घाला."

मग कठड्याला टेकून तिने त्या आजींना द्यायचं राहिलेलं उत्तर खणखणीत जर्मनमध्ये दिलं. समोरून येणारा एक सायकलवाला बिचारा घाबरून खालीच उतरला.